अण्णांचं पळणारं

"पळंना काय बे आता?"

अण्णांनी एवढंच विचारलं. सोलापुरात चाटी गल्लीतल्या त्यांच्या चादरींच्या दुकानात गादीवर मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, शेजारी त्यांचा नातू, समोर अर्धवट उघडलेला टॉवेलचा गठ्ठा. नवी वेबसाइट दाखवायचा दिवस होता. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, वर एक मोठा फोटो, खाली चादरींची चौकटीत बसवलेली चित्रं, मोबाइलवर अंगठ्याने सरकवलं की अलगद वर जाणारी. नातू खूश होता. "ताता, बघा की," म्हणत त्याने फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन हातभर लांब धरला, वरपासून खालपर्यंत सगळं पाहिलं. मग परत वर गेले. काहीतरी शोधत होते. आणि मग तो प्रश्न. मी म्हणालो, "अण्णा, आता तसं कुणी करत नाही." ते म्हणाले, "बरं." आणि आधीच घडी घातलेली एक चादर उलगडून पुन्हा घडी घालायला लागले. त्या "बरं"ने परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत माझी पाठ सोडली नाही.

पळणारं म्हणजे पानाच्या अगदी वर, उजवीकडून डावीकडे सरकत जाणारी एक ओळ. मार्की. ज्यांनी २००० ते २०१० या काळात इंटरनेट पाहिलंय त्यांना सांगायला नको. कॉलेजच्या साइटवर ॲडमिशनची तारीख पळायची, पतसंस्थेच्या साइटवर ठेवीचा व्याजदर पळायचा. आम्हा डिझाइन शिकलेल्या पोरांना तिची लाज वाटायची. ती पाहिली की साइट करणाऱ्याची इयत्ता कळते, असं आम्ही नवी पेठेतल्या क्लासमध्ये चहा पिता पिता एकमेकांना सांगायचो. आमची स्वतःची इयत्ता काय होती, तो भाग वेगळा.

२००४ साल होतं. सहा महिन्यांचा वेब डिझाइनचा कोर्स करून मी मोकळा झालो होतो आणि अण्णांचं दुकान हे माझं पहिलं पैसे मिळवून देणारं काम होतं. पैसे म्हणजे अर्धे रोख आणि अर्ध्याच्या चादरी. त्यातल्या दोन आईकडे अजून आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. अण्णांकडे एक असेंबल्ड कॉम्प्युटर होता, टॅलीसाठी घेतलेला, मॉनिटरवर कायम प्लास्टिकचं कव्हर. कव्हर काढलं की आधी उदबत्ती ओवाळायची आणि मग बटण दाबायचं. त्यावर मी ड्रीमविव्हर टाकलं, वेबपानं करायचं सॉफ्टवेअर. सीडी कुठून आली ते विचारू नका, तेव्हा सोलापुरात कुणीच विचारत नव्हतं. १९९७ साली पहिल्यांदा आलेलं हे सॉफ्टवेअर तेव्हा मॅक्रोमिडिया कंपनीचं होतं, २००५ मध्ये अडोबीने अख्खी मॅक्रोमिडियाच विकत घेतली. सुरू होताना पडद्यावर नाव आलं तसं अण्णांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, विव्हर म्हणजे? मी म्हणालो, विणकर. तीन पिढ्या मागावर गेलेला माणूस तो. "मग आपल्यातलाच की हा," म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्या सॉफ्टवेअरवर त्यांचा जीव बसला. त्याच कामाचं फ्रंटपेज टाकलं असतं तर हा जिव्हाळा जमला नसता.

मी घरी बसून साइट करून आणून दाखवावी, अशी माझी कल्पना होती. अण्णांना ती मान्य नव्हती. डिझाइन मास्टर मालकासमोर बसून नक्षी काढतो, तसं हे व्हायचं. मग रोज दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक कमी असताना, मी खुर्चीवर आणि अण्णा स्टुलावर. डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे पान दिसेल तसं दाखवणाऱ्या पडद्यावर, मी टेबल, म्हणजे रकान्यांची चौकट, ओढायचो. ठिपक्यांच्या रेषा दिसायच्या, त्या रेषा धरून रकाना रुंद करायचा, त्यात फोटो सोडायचा. प्रत्यक्ष पानावर त्या रेषा दिसत नाहीत, हे अण्णांना पटायला दोन दिवस लागले. आमच्या पिढीने सगळं इंटरनेट अशाच न दिसणाऱ्या टेबलांवर उभं केलं होतं. टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल, आणि रकाना आत दबू नये म्हणून त्यात एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं. बाहेरून घर टुमदार, आतून नुसत्या टेकूवर. फोटो मी माउसने उचलून उजवीकडे ठेवला की अण्णा विचारायचे, "झालं? एवढ्यात?" कारण त्यांच्याकडे एक मोर दोन बोटं सरकवायचा म्हणजे ग्राफपेपरवर चौकोन पुन्हा रंगवण्यापासून सुरुवात. पुढे कार्डं नव्याने पंच करायची, दोऱ्याने ओवायची, जेकॉर्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. तिथे एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथला हुक वर जातो आणि आपल्याबरोबर उभा धागा उचलतो, नसेल तिथला खालीच राहतो. एका चादरीची कार्डं एकमेकांना बांधून मागावर टांगली की वरून खाली सोडलेल्या पुठ्ठ्यांच्या शिडीसारखी दिसतात.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "सगळं खरं. पण कार्डं कुठं हायत?"

मला आधी कळलं नाही. मग मी वरचं बटण दाबून स्प्लिट व्ह्यू लावला. पडदा आडवा चिरला गेला. खाली आमचं दुकान, वर त्याच दुकानाच्या कोडच्या ओळी, निळ्या, काळ्या, हिरव्या. खाली मोराच्या फोटोवर क्लिक केलं की वर त्याची ओळ उजळायची. अण्णा स्टूल पुढे ओढून बसले. मी मोर हलवला, वरचे आकडे बदलले. पुन्हा हलवला, पुन्हा बदलले. "ही कार्डं होय," ते म्हणाले. जेकॉर्डची कार्डं म्हणजे कॉम्प्युटरची आजी, हे आमच्याकडे टेक्स्टाइलच्या प्रत्येक सेमिनारमध्ये कुणीतरी बोलतंच. १८०४ मध्ये फ्रान्सात जोसेफ मारी जेकॉर्डने ते यंत्र आणलं, पुढे त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं तेव्हा २४,००० च्या आसपास कार्डं लागली, आणि तसं एक चित्र चार्ल्स बॅबेजने जवळ ठेवलं होतं, वगैरे. भाषणात ते ऐकताना मला नेहमी जांभई यायची. अण्णांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते फक्त आपली कार्डं शोधत होते. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "एक भोक चुकलं तर?" मी म्हणालो, अख्खं पान बिघडतं. "तेच की," म्हणून ते समाधानाने हसले. इथेही चूक महागात पडते म्हटल्यावर त्यांना हा धंदा खरा वाटायला लागला.

रंगावरून आमचं खरं भांडण झालं. साइटच्या वरच्या पट्टीला मरून रंग हवा होता, त्यांच्या चादरीचा. मी इमानदारीने तेव्हाच्या सुरक्षित मानलेल्या २१६ रंगांतला शोधला. कुठल्याही मॉनिटरवर सारखे दिसतील असे म्हणून ते २१६ ठरलेले. त्यात मरूनच्या जवळ जाणारे दोनच, ६६०००० आणि ९९००००. एक वाळलेल्या रक्तासारखा, दुसरा नुसता लाल. अण्णा उठले, आत गेले, रंगवलेल्या सुताचा एक कोन घेऊन आले, त्याचा हातभर धागा सोडवला आणि मॉनिटरच्या काचेवर आडवा धरला. "हा मरून. तुझा मरून न्हाय." पडद्याच्या उजेडापुढे तो धागा काळाच दिसत होता, पण ते सांगायची माझी हिंमत नव्हती. मग सुरक्षित रंग गेले उडत, म्हणून मी एकेक आकडा पुढेमागे करत राहिलो आणि अण्णा धागा धरून बसले. चारचे सव्वापाच झाले. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही मत विचारण्यात आलं. शेवटी एकदाचा जमला. दुसऱ्या दिवशी पार्क चौकाजवळच्या नेट कॅफेत जाऊन तीच साइट उघडली, तर पट्टी चक्क वांगी रंगाची. तिथल्या मॉनिटरचं वय झालं होतं. जे दिसतं तेच मिळतं, अशी या सगळ्या सॉफ्टवेअरची जाहिरात असायची. दिसायचं हे खरं, पण कुणाच्या पडद्यावर, ते कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांना मी हे आजवर सांगितलेलं नाही.

आणि ती ओळ. माझा विरोध होता, पैसे त्यांचे होते. ड्रीमविव्हरच्या मेनूत मार्की नव्हती, ती कोडमध्ये हाताने लिहावी लागली. सगळ्यात वर, टेबल सुरू व्हायच्या आधी. डिझाइन व्ह्यूमध्ये ती ओळ नुसती उभी असायची. एफ बारा दाबून ब्राउझरमध्ये पान उघडलं की पळायला लागायची. "इथं थांबतंय, तिथं पळतंय," याचं अण्णांना फार कौतुक. पहिल्यांदा ती पळाली तेव्हा त्यांनी मजुरी न्यायला आलेल्या बायकांनाही आत बोलावून दाखवली. ओळ इंग्रजीत होती, मालाच्या पावतीवर, बिल्टीवर लिहितात तसल्या कॅपिटल अक्षरांत, कारण मराठी लिहायची तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तोच फाँट लागायचा, नाहीतर अक्षरांचा चिवडा. 'श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न' एवढं मात्र मी चित्र करून चिकटवलं होतं. ते सर्वत्र नीट दिसायचं.

महिन्याभराने अण्णा म्हणाले, पळणारं बदलायचंय, नवा माल आलाय. मी गेलो, बदललं. आठवड्याने परत. तिसऱ्या वेळी मी त्यांनाच शिकवलं. एका वहीत लिहून दिलं. ड्रीमविव्हर उघडा. डावीकडचं होमचं पान दोनदा दाबा. वरची ओळ खोडा, नवी लिहा. सेव्ह. मग फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावा, १७२२३३ जोडा, किर्र-किर्र थांबेपर्यंत वाट बघा. मग वर जाणारा निळा बाण. हिरवा खाली येणारा, त्याला हात लावू नका. अण्णांनी निळ्या बाणाला "चढवायचं" म्हणायला सुरुवात केली, कार्डं चढवतात तसं. आणि ते खरंच चढवायला लागले. नवी डिझाइन आली की ओळ. डबल बेडच्या चादरी संपल्या की ओळ. वीज गेल्याने कारखाना बंद असला की तीही ओळ, जणू गुजरातच्या व्यापाऱ्याला पूर्व भागातल्या भारनियमनाचं वेळापत्रक हवंच होतं. एकदा चढवता चढवताच वीज गेली आणि दोन दिवस जगाला आमचं अर्धंच दुकान दिसत होतं, मोराच्या मानेपर्यंत. आणि एकदा अण्णा धाडस करून कार्डांच्या बाजूला शिरले आणि ओळीच्या शेवटची, मार्की बंद करणारी खूण त्यांनी कचरा समजून खोडली. संध्याकाळी घरी फोन आला. मला वाटलं कुणी गेलं. पलीकडे अण्णा, आवाजात धाप. "बे, सगळं दुकान पळायलंय!" मी सायकल काढून कॅफेत गेलो. खरंच होतं. मोर, सतरंज्या, टॉवेल, पत्ता, फोन नंबर, सिद्धरामेश्वर, सगळं वरातीसारखं उजवीकडून येत होतं आणि डावीकडे निघून जात होतं. मी पोट धरून हसलो. अण्णांना ते काढायची घाई नव्हती. "राहू दे आजच्या दिवस," म्हणाले, "चांगलं दिसायलंय."

मी २००८ ला पुण्याला आलो. सोलापूरचं पोरगं पुण्याला येतं यात सांगण्यासारखं काही नाही. टेबलं गेली, पुढे फोन आले, आणि पान कुठल्याही रुंदीला जुळवून घेणारं हवं असं सगळे म्हणायला लागले. ऑफिसमध्ये ड्रीमविव्हरचं नाव काढलं तर नवी मुलं गालात हसायची, आम्ही मार्कीला हसायचो तसंच. कोड हाताने लिहितो तो खरा, चित्र ओढून ठेवतो तो हौशी, अशी एक जातव्यवस्था आमच्या धंद्यात आहे. मीही बेमालूम वरच्या जातीत गेलो. आता गंमत अशी की तीच मुलं आज पुन्हा चौकटी ओढून पानं करतात, फक्त सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आलंय आणि चौकटीला ब्लॉक म्हणतात. अण्णांची नवी साइट मी वर्डप्रेसवर तशीच ओढून-ओढून केली. चार दिवसांत झाली. कुणी स्टुलावर बसलेलं नव्हतं.

जी गोष्ट खरी सांगायची आहे ती मी लांबवतोय. २०१३ च्या फेब्रुवारीत कधीतरी अण्णांचा तो कॉम्प्युटर बसला. हार्डडिस्क गेली. बदलून आणली, टॅली परत टाकलं, ड्रीमविव्हर कोण टाकणार? शिवाय सर्व्हरचा पासवर्ड ड्रीमविव्हरच्याच पोटात साठवलेला होता, वहीत मी तो लिहून दिला नव्हता. अण्णांनी मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. "बघतो अण्णा," म्हणालो. महिन्याभराने पुन्हा केला. "पळणारं बदलायचं होतं जरा." मी पुन्हा म्हणालो, बघतो. पासवर्ड माझ्या मेलमध्ये होता, काम दहा मिनिटांचं होतं. तिसरा फोन आला नाही आणि मला, खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. साइटचे पैसे दुकानातून दरवर्षी बिल आलं की भरले जात राहिले, गणपतीच्या वर्गणीसारखे. कुणी ती उघडून पाहत होतं की नाही, देव जाणे. अकरा वर्षांनी नातवाने मला शोधून काढलं तेही साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत मी घातलेल्या माझ्या नावावरून.

नवी साइट करण्याआधी मी जुनी सगळी उतरवून घेतली. हिरवा बाण नव्हता, पण काम तेच. होमचं पान उघडलं. फोनवर ते असं दिसत होतं की कुणीतरी दुकान दुर्बिणीच्या उलट्या बाजूने दाखवावं. एका कोपऱ्यात मी कधीकाळी हौसेने केलेलं, फ्लॅश या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं फिरतं चक्र होतं. फ्लॅश २०२० च्या अखेरीला अडोबीने कायमचं बंद केलं, तिथे आता राखाडी चौकोन. बाकी सगळं मोडलेलं किंवा मोडकळीला आलेलं. आणि त्या सगळ्यावरून, अगदी वर, ती ओळ तुरुतुरु पळत होती. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, नव्या नियमावलीने मार्कीला केव्हाच बाद ठरवलंय, तरी ब्राउझर तिला अजून पळू देतात. कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं: गड्डा यात्रा, शॉप क्लोज्ड आफ्टर फोर पीएम. ती २०१३ च्या संक्रांतीची ओळ. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची यात्रा, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून अण्णांनी चार-पाच दिवसांसाठी चढवलेली. आणि तेव्हापासून अकरा वर्षं, उन्हाळा नाही पावसाळा नाही, इंटरनेटवर आमचं दुकान चार वाजता बंद होत होतं.

मी ती ओळ कॉपी न करता पान बंद केलं. नव्या साइटमध्ये पळणारं नव्हतंच.

पंधरा दिवसांनी कामाचं काहीही नसताना मी सोलापूरला गेलो. आईला म्हणालो, कडक भाकरी संपल्यात. दुपारी दोनला दुकानात पोहोचलो. अण्णा गादीवर, नातू काउंटरमागे फोनवर. स्टूल अजून होतं, वर टॉवेलची पाकिटं रचलेली. ती उतरवली आणि स्टुलावर आज मी बसलो. लॅपटॉप अण्णांच्या मांडीजवळ ठेवला आणि पानाच्या वर एक रिकामा ब्लॉक टाकला, कोड लिहायचा. नातवाने मान लांब करून पाहिलं. "सर, ते नको ना. एकदम अनप्रोफेशनल दिसतं." मी म्हणालो, दिसतंच. मग अण्णांच्या फोनवर त्यांच्यासाठी लॉगिन उघडून दिलं आणि पासवर्ड वहीत लिहिला, या वेळी मोठ्या अक्षरांत, दोन पानांवर. वही नवी होती, जुनी कुठे गेली कुणाला माहीत नाही. अण्णांनी विचारलं, "इंग्लिशच लागतं काय अजून?" नाही म्हटलं. आता मराठी चालतं, टाइपसुद्धा करायला नको, माइकचं चित्र दाबा आणि बोला. ते थोडा वेळ फोनकडे पाहत राहिले. मग बिल्टीचा मजकूर सांगावा तसं एकेक शब्द तोडत म्हणाले, "दुकान. रात्री. नऊपर्यंत. चालू. हाय." फोनने ते उमटवलं. 'हाय' अगदी 'हाय'च लिहिलं. नातू दुरुस्त करायला पुढे झाला, अण्णांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

चढवलं. ओळ उजव्या कडेने आली आणि नव्या कोऱ्या पांढऱ्या पानावरून सुसाट निघाली.

"हळू कर की जरा. म्हातारी माणसं बी वाचत्यात." मुळात वेग ६ असतो. मी ३ केला.

"अजून."

२ केला. अण्णांनी चष्मा खाली ओढला आणि 'दुकान'पासून 'हाय'पर्यंत ओठ हलवत पुरतं वाचून काढलं. मग नातवाला म्हणाले, चहा सांग.